तीन नंबरचं रीळ

मागच्या डिसेंबरात न्यू जर्सीहून वहिनी आली तेव्हा तिच्या बॅगेत बदाम, चॉकलेटं, बायकोसाठी व्हिटॅमिनच्या बाटल्या आणि माझ्यासाठी दोन डीव्हीडींचं एक पातळसं खोकं होतं. सेकंडहँड. तिकडच्याच एका विकणाऱ्याकडून ऑनलाइन घेऊन मी ते तिच्या पत्त्यावर टाकायला सांगितलं होतं, कारण इकडे मागवायचं म्हणजे पोस्टेज, कस्टम आणि नशीब, आणि वहिनी कधी कशाला नाही म्हणत नाही. खोक्याची किंमत मी घरात जरा खाली करून सांगितलेली. वहिनीने चहा पिता पिता खरा आकडा डॉलरमधे सांगून टाकला, बायकोने तिथल्या तिथे त्याचे रुपये केले, ते असो. रात्री जेवणं झाल्यावर वहिनी म्हणाली, सात समुद्र पार उचलून आणलंय तर दाखवा तरी काय आहे एवढं. म्हणून माळ्यावरून प्लेअर काढला, वायर शोधण्यात अर्धा तास गेला, आणि आम्ही सगळे बसलो. मूकपट. काळापांढरा. तलवारी, पिसाच्या टोप्या, उमरावांचे वाडे. मुलं दहा मिनिटांत उठून गेली, वहिनी मात्र बसून राहिली, हातात वाटीभर शेंगदाणे घेऊन. आणि साधारण अर्ध्या तासाने चित्र थांबलं. म्हणजे संगीत चालूच, पण पडद्यावर नुसता एक फोटो. मग मजकुराची एक पाटी. मग दुसरा फोटो.

"हँग झाला का हो?"

मी म्हटलं नाही, हे तीन नंबरचं रीळ आहे, ते हरवलंय, म्हणून फोटो आणि पाट्या लावून जोडून घेतलंय. वहिनीने शेंगदाणे खाली ठेवले. "म्हणजे मधला तुकडाच नाहीये यात?" नाही. "आणि हे तुम्हाला घ्यायच्या आधी माहीत होतं?" होतं की. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली, डॉक्टर बघतात तशी, आणि म्हणाली, "अहो भाऊजी, पदर नसलेली साडी पूर्ण पैसे मोजून कोणी घेतं का?" सगळे हसले. मीही हसलो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ते वाक्य जे डोक्यात फिरायला लागलं ते आजतागायत थांबलेलं नाही.

उत्तर सुचलं नाही, हे खरं दुखणं.

सिनेमाचं नाव 'बार्डेलिस द मॅग्निफिसंट'. १९२६ सालचा, एमजीएमचा, दिग्दर्शक किंग व्हिडॉर, हीरो जॉन गिल्बर्ट, राफाएल सबातिनीच्या कादंबरीवरून. आता सबातिनी म्हटलं की ज्यांना माहिती आहे त्यांना 'स्कारामूश' आठवतो, 'कॅप्टन ब्लड' आठवतो, 'सी हॉक' आठवतो, 'बार्डेलिस' कोणाला आठवत नाही. मलाही तो फार विचित्र रस्त्याने भेटला. कॉलेजात असताना रविवारी जुन्या बाजारात जायची सवय होती, पुण्यातल्या कुंभारवेशीच्या त्या गर्दीत नळाच्या तोट्या, गंजलेली कुलपं आणि एका पायाच्या खुर्च्या यांच्या मधे एक म्हातारा जमिनीवर पोतं पसरून पुस्तकं घेऊन बसायचा. त्याच्याकडून वीस रुपयांना घेतलेलं ते जाड पुठ्ठ्याचं पुस्तक, कसर लागलेलं, आत कुठल्यातरी बंद पडलेल्या सर्क्युलेटिंग लायब्ररीचा जांभळा शिक्का. पानं उलटली की खाकरा मोडल्यासारखा आवाज यायचा. मला तेव्हा इंग्रजी धड वाचता येत नव्हतं, पण तलवारी होत्या म्हणून रेटलं. एक बढाईखोर उमराव पैज लावतो की तीन महिन्यांच्या आत अमुक एका मुलीशी लग्न करून दाखवतो, नाहीतर सगळी इस्टेट हरलो. वाटेत त्याला मरायला टेकलेला एक बंडखोर सापडतो, हा त्याची कागदपत्रं खिशात घालतो, आणि पुढे त्याच्याच नावाने मुलीच्या घरी जाऊन पोचतो. मग व्हायचं तेच होतं, मुलीवर खरंच जीव जडतो, आणि आता सांगायचं कसं की बाई गं, मी पैजेवर आलोय आणि नावही माझं नाही. कादंबरी बार्डेलिस स्वतः सांगतो, त्यामुळे त्याची ती लाज, आज सांगू उद्या सांगू अशी टाळाटाळ, पानापानांवर येते. एकोणीस वर्षांच्या मला ती फार जवळची वाटली होती, का ते इथे सांगत नाही.

मग एकदा लायब्ररीत सिनेमांवरचा एक जाडजूड संदर्भग्रंथ चाळताना कळलं की याच्यावर सिनेमा निघाला होता. आणि नावापुढे एकच शब्द. लॉस्ट.

तो शब्द वाचल्यावर झालं ते असं की मी सिनेमा बनवायला घेतला. डोक्यात. गिल्बर्टचा एक फोटो कुठेतरी छापलेला बघितला होता, ती बारीक मिशी, ते जरा जास्तच चमकणारे डोळे, तेवढ्या भांडवलावर मी अख्खा सिनेमा उभा केला, सीन बाय सीन, बसमधे बसल्या बसल्या. वर्षानुवर्षं. दुसरी गंमत म्हणजे असं करणारा मी एकटा नव्हतो, जगात अशी बरीच माणसं होती हे मला इंटरनेट आल्यावर समजलं.

हा सिनेमा हरवला कसा हे एकदा नीट सांगायला पाहिजे, कारण तो गहाळ झालेला नाही, पुरात वाहून गेलेला नाही, त्याला हिशेबाने मारलंय. स्टुडिओने कादंबरीचे हक्क दहा वर्षांसाठी घेतलेले. १९३६ ला मुदत संपली. परत पैसे भरून हक्क वाढवायचे तर कशासाठी, बोलपट येऊन आठ-नऊ वर्षं झालेली, मूकपटाला कुत्रं विचारत नव्हतं, आणि गिल्बर्ट तर त्याच वर्षी जानेवारीत, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, वारला होता. तेव्हा करारात ठरल्याप्रमाणे निगेटिव्ह आणि हाताशी असलेल्या सगळ्या प्रिंट नष्ट केल्या. भाड्याची मुदत संपली, खोली रिकामी करून दिली, इतकं साधं. यातला चिमटा असा की त्याच्या थोडंसं आधी, १९३५ च्या डिसेंबरात, दुसऱ्या एका स्टुडिओचा एरॉल फ्लिनवाला 'कॅप्टन ब्लड' लागून धो धो चालला होता. म्हणजे सबातिनी पुन्हा फॅशनमधे आला आणि इकडे त्याचाच सिनेमा भट्टीत गेला. तसंही त्या काळच्या फिल्मचं मरण सोपं होतं. नायट्रेट फिल्म, पेट घेतला की पाण्यात बुडवली तरी विझत नाही, स्वतःचा ऑक्सिजन स्वतःच तयार करते. जळली नाही तर सडते, आधी चिकट होते, मग तिची तपकिरी भुकटी. आणि तेही नाही झालं तर त्यातली चांदी काढून विकायची. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ ला मोजदाद छापली, त्यांच्या देशात निघालेल्या १०,९१९ पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी मूळ रूपात, पूर्ण असे १,५७५ उरलेत. शंभरातले चौदा.

'बार्डेलिस'चा मात्र एक कपटा उरला होता, आणि तो कुठे, तर त्याच्याच टिंगलीत. व्हिडॉरनेच १९२८ ला 'शो पीपल' नावाचा एक मस्त विनोदी सिनेमा काढला, हॉलिवुडचीच थट्टा. त्यात नायक-नायिका थेटरात बसून आपली कॉमेडी बघतात, ती संपते आणि पुढचा सिनेमा सुरू होतो तो 'बार्डेलिस'. मॅरियन डेव्हिस डोळे मोठे करून बघतेय, आपणही असलं काहीतरी भारी करायचं, आणि शेजारचा विल्यम हेन्स नाक मुरडतोय. दिग्दर्शकाने स्वतःच्याच सिनेमाला मारलेली टपली. तो तुकडा किती, तर बोट मोडेपर्यंत संपतो. पण सत्तर वर्षं 'बार्डेलिस' म्हणून लोकांना बघायला तेवढंच होतं. माणूस गेला, घरदार गेलं, फोटो अल्बम गेले, आणि उरलं काय तर शेजाऱ्याने केलेली त्याची नक्कल, असं काहीतरी.

मग २००६ मधे फ्रान्समधे प्रिंट सापडली. जवळजवळ पूर्ण. फक्त तिसरं रीळ नाही.

हे असं परदेशात सापडणं नवीन नाही. तेव्हाची प्रिंट गावोगाव, देशोदेश फिरत फिरत शेवटच्या थेटरापर्यंत पोचायची तोवर तिची परत पाठवणी तिच्या किमतीपेक्षा महाग झालेली असायची, मग टाक कोपऱ्यात. कॅनडात पार उत्तरेला डॉसन सिटीला १९७८ ला जमीन खणताना पाचशेच्या वर रिळं निघाली, जुना पोहण्याचा तलाव बुजवताना भर म्हणून टाकलेली, बर्फाने जपून ठेवलेली. तर पॅरिसच्या लॉब्स्टर फिल्म्सवाल्यांनी 'बार्डेलिस' साफसूफ केला, तिसऱ्या रिळाच्या जागी स्टिल फोटो, पाट्या आणि कुठूनसा उरलेला ट्रेलर यांचं ठिगळ लावलं, आणि २००९ ला डीव्हीडी निघाली, सोबत गिल्बर्टचाच १९२२ चा 'मॉन्टे क्रिस्टो', तोही हरवला म्हणून सोडून दिलेला. तेच हे दोन डिस्कचं खोकं.

बातमी वाचली तेव्हा मी ऑफिसात होतो. खरं सांगू का, पहिल्यांदा आनंद झालाच नाही. पोटात गोळा आला. माझ्या डोक्यातला सिनेमा आता कोणीतरी येऊन तपासणार, त्यातलं किती चुकीचं ते सांगणार. डीव्हीडी घ्यायला मला इतकी वर्षं लागली त्याचं कारण पैसे हे मी बायकोला सांगितलेलं कारण. नेटवर तुकडे पडलेले होते, तेही उघडले नाहीत.

आता बघितलाय, तर सांगतो. सिनेमा काही फार थोर नाही. व्हिडॉर म्हणजे 'द बिग परेड'वाला, दोन वर्षांनी 'द क्राउड' करणारा माणूस, त्याच्या यादीत हा पोटापाण्याचा सिनेमा. पुस्तकातली लाज इथे फारशी नाही, गिल्बर्ट पहिला अर्धा वेळ स्वतःच्या मिशीवर खूश असल्यासारखा वावरतो, खलनायक रॉय डार्सी इतके दात दाखवतो की दाताच्या डॉक्टरचा मॉडेल वाटावा. आणि शेवटी तर सर्कस आहे. बार्डेलिसला फाशी द्यायला आणलंय, आणि तो तिथून जो सुटतो तो उड्या मारत, लोंबकळत, शिपायांच्या भाल्यांवरून, कापडाची छत्री करून वरून खाली. पुस्तकात असलं काही नाही. हे उघड उघड त्या काळच्या उड्याबहाद्दर हीरोचं, डग्लस फेअरबँक्सचं सोंग आणलंय, थोडं खरं थोडं चेष्टेत, आणि चेष्टा कुठे संपते ते कळत नाही, तिथे मला मजा आली. वहिनी तर त्या उड्यांना "अगंबाई" म्हणाली, दोनदा.

पण एक सीन आहे. नदी, नाव, आणि नावेत ते दोघं. काठावरच्या विलोच्या फांद्या पार पाण्यापर्यंत लोंबताहेत, एकामागे एक, पडद्यांसारख्या, आणि नाव त्यांच्यामधून हळूहळू सरकतेय. फांदी येते, चेहऱ्यावरून फिरते, पानांची सावली कपाळावरून गालावर, गालावरून खांद्यावर, मधेच लख्ख ऊन, मग परत पानं. दोघं दिसतात, झाकली जातात, पुन्हा दिसतात. फांद्या मुद्दाम आणून टांगलेल्या. पुढे बऱ्याच वर्षांनी व्हिडॉरने लिहिलंय या सीनबद्दल, लोकांच्या लक्षात बाकी काही राहिलं नाही, हा राहिला. आणि त्याने ते लिहिलं तेव्हा सिनेमा जगात नव्हता! म्हणजे एक माणूस नसलेल्या सिनेमातल्या सीनचं वर्णन करतोय आणि वाचणाऱ्यांनी त्यावर विश्वास ठेवायचा. १९८२ ला तो गेला. नावेतली ती मुलगी, एलनॉर बोर्डमन, सिनेमा लागायच्या तीन आठवडे आधी व्हिडॉरची बायको झाली होती (त्याच मांडवात गिल्बर्ट आणि नटी ग्रेटा गार्बोचंही लग्न व्हायचं होतं आणि गार्बो आलीच नाही अशी एक दंतकथा आहे, खरी की मागाहून रचलेली यावर लोक अजून भांडतात), तीही १९९१ ला गेली. दोघांनाही तो सीन परत बघायला मिळाला नाही. आणि मी, पुण्यात, बनियनवर, मांडीवर शेंगदाण्यांची टरफलं, तो तीन वेळा मागे घेऊन बघितला.

तो सीन माझ्या डोक्यातल्या सिनेमापेक्षा चांगला होता. हे कबूल करायला जरा जड जातंय.

संग्राहक म्हणजे एक जात आहे असं लोकांना वाटतं, पण एकाच सिनेमामागे लागलेली माणसं वेगवेगळ्या देवांची भक्त असतात. सबातिनीवाले असतात, त्यांना पहिल्या आवृत्त्या हव्यात, जॅकेटसकट, आणि सिनेमा त्यांना शेपटासारखा. गिल्बर्टवाले असतात, ते बहुतेक हळवे, बोलपट आल्यावर तो जो मागे पडला त्याचा त्यांना अजून राग आहे, जसं काही घरचंच माणूस होतं. कोणी फक्त त्या काळची लॉबी कार्डं, म्हणजे थेटरात लावायची छापील चित्रं, आणि स्टिल गोळा करतो. कोणी पुढे काउबॉयपटांचा हीरो झालेल्या जॉन वेनमुळे येतो, कारण भाला धरून उभ्या असलेल्या पहारेकऱ्यांत तो आहे म्हणतात, तेव्हा एकोणीस वर्षांचा, कॉलेजातला, जॉन वेन व्हायच्या आधीचा, नामावळीत नाव नाही. मी पॉज करून करून शोधला, सगळे पहारेकरी मला जॉन वेन वाटले. आणि मग माझ्यासारखे, ज्यांना नक्की काय हवंय ते सांगता येत नाही. पण एक गोष्ट सगळ्यांत सारखी बघितलीय. ज्याच्याकडे 'स्कारामूश'ची चकचकीत कॉपी आहे तो तिच्याबद्दल दोन मिनिटं बोलतो. 'बार्डेलिस'वाल्याला तीन नंबरच्या रिळाबद्दल विचारा, तो खुर्ची पुढे ओढतो.

आमच्या घरात हे वेड माझ्यापासून सुरू झालं असं बायको म्हणते, ते बरोबर नाही. माझे आजोबा कोल्हापूरचे. त्यांनी लहानपणी, सात-आठ वर्षांचे असताना, बाबूराव पेंटरांचा 'सिंहगड' बघितला होता, १९२३ सालचा, हरिभाऊ आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला'वरून काढलेला. म्हणजे आपल्याकडचाही कादंबरीवरचा तलवारपटच की तो. आजोबा उन्हाळ्यात गच्चीवर गाद्या घातल्या की तो सिनेमा सांगायचे. सांगायचे म्हणजे करून दाखवायचे, उशी ही ढाल, आणि पंचाहत्तरीतला माणूस गुडघ्यावर येऊन, "आरं, रात्र दिसत होती लेका पडद्यावर, खरी रात्र! तोवर सिनेमात रात्र कुटं होती?" हे त्यांचं पुढे मला छापील सापडलं, बाबूरावांनी त्या सिनेमात दिव्यांच्या प्रकाशात रात्रीचं शूटिंग केलं होतं, आपल्याकडे ते नवीन होतं. शेलारमामाचं काम केलेला पोरगेला माणूस म्हणजे पुढचे व्ही. शांताराम, त्यांना आजोबा शेवटपर्यंत शांतारामबापू म्हणायचे आणि शेलारमामाच म्हणून ओळखायचे. पेटीवाला समोर बसून काय वाजवत होता, बायकांच्या बाजूला कोण रडत होतं, सगळं सांगायचे. आणि घोरपड. घोरपड कड्यावरून चढते कशी, याला आजोबा पाच मिनिटं घ्यायचे, दोन्ही हातांची बोटं भिंतीवरून सरसर वर नेत. आम्ही पोरं श्वास धरून.

आता 'सिंहगड' नाही. एक रीळसुद्धा नाही. त्यामुळे ती घोरपड सिनेमात होती, का कादंबरीत, का पोवाड्यातून आजोबांच्या डोक्यात शिरून पडद्यावर जाऊन बसली, हे कळायचा मार्ग नाही. बाबांचं म्हणणं, काही नाही रे, त्यांनी दहा वर्षांनी प्रभातचा 'सिंहगड' बघितला असणार, बोलका, आणि दोन्हीचं कालवण केलं. असेलही. आजोबा गेले त्याला आता पंचवीस वर्षं होतील. माझ्याकडे त्या सिनेमाची एकच प्रिंट आहे आणि ती गच्चीवरची, उशीसकट.

फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चं तरी काय. चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं, एवढंच आपण बघतो, आणि त्यावरही वाद की ही १९१३ ची का नंतर परत काढलेल्या सिनेमाची. सुरुवात आहे, शेवट आहे, मधला स्मशानापर्यंतचा सगळा प्रवास आपण आपल्या कीर्तनातल्या, शाळेच्या गॅदरिंगमधल्या हरिश्चंद्राने भरून काढतो आणि भरून काढतोय हे लक्षातही येत नाही. आपल्याकडे मूकपट निघाले हजाराच्या वर, उरलेत ते जेमतेम तीसेक, त्यातले पण कितीतरी तुकड्यांत. जानेवारी २००३ मधे इथे लॉ कॉलेज रोडला राष्ट्रीय फिल्म अर्काइव्हच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली. दुसऱ्या दिवशी पेपरात वाचून मी उगाचच स्कूटर घेऊन त्या रस्त्याने गेलो होतो. काय बघायला, माहीत नाही. गेटबाहेर एक उसाचा रसवाला होता, त्याच्याकडे रस प्यायलो आणि परत आलो.

वहिनीच्या साडीवर परत येतो. पदर नसलेली साडी कोणी घेत नाही हे बरोबर, पण नुसता पदर मात्र लोक घेतात ना. जुन्या झिजलेल्या पैठणीचे काठ आणि पदर कापून ठेवणाऱ्या बायका मी आमच्याच घरात बघितल्यात, आजीची ट्रंक तसल्या चिंध्यांनी भरलेली होती, नऊवारी केव्हाच विरलेली आणि मोराचा चौकोन तेवढा मलमलच्या फडक्यात. हे उत्तर मला तिसऱ्या दिवशी आंघोळ करताना सुचलं. सुचल्यावर दोन मिनिटं बरं वाटलं आणि मग लक्षात आलं, हे काही उत्तर नाही. कारण आजीला चांगला भाग जपायचा होता. मी जपतोय ते भोक. तिसरं रीळ उद्या सापडलं, आणि सापडू शकतं, कुठल्या बल्गेरियातल्या की अर्जेंटिनातल्या तळघरात, 'मेट्रोपोलिस' या जर्मन मूकपटाचे तुकडे सापडलेच की ब्युनोस आयरेसला २००८ मधे, तर त्यात असून असून काय असेल? दहा-बारा मिनिटं. गिल्बर्ट घोड्यावर बसेल, घोड्यावरून उतरेल. आणि मी ते लगेच मागवीन. आणि आल्यावर हे जुनं खोकं, फोटो आणि पाट्यांवालं, फेकवणार नाही माझ्याच्याने, हे मला आत्ताच माहिती आहे.

यात मिजास नाही असं म्हणणार नाही. जे कोणाला माहीत नाही ते आपल्याला माहीत आहे, हे सुख चोरून गूळ खाल्ल्यासारखं असतं. भाचा म्हणाला, मामा, नेटवर फुकटात मिळेल की, कशाला पैसे. बरोबर आहे त्याचं. पण त्याला हेही सांगता येईना की त्या फोटोंपाशी, जिथे सिनेमा थांबतो आणि संगीत तेवढं चालू राहतं, तिथे मी एकोणीस वर्षांचा असताना बसमधे बसून बनवलेला सिनेमा अजून चालू आहे. बाकीच्या आठ रिळांनी तो पुसून टाकला. तेवढी दहा मिनिटं शिल्लक आहेत माझी.

हे मी वहिनीला फोनवर सांगायचा प्रयत्न केला होता एकदा. ती म्हणाली हं. मग म्हणाली दादाला पाठीचं दुखणं परत सुरू झालंय.

गेल्या शनिवारी रात्री झोपायच्या बेतात होतो तेव्हा तिचा व्हॉट्सॅपवर फोटो आला. तिच्या गल्लीत कोणाकडे तरी गॅरेज सेल होता, घरातली म्हातारी वारलेली, मुलांनी सगळं अंगणात टेबलांवर मांडलेलं. फोटोत एक चपटा गोल पत्र्याचा डबा, कडेला गंज, झाकणावर अर्धा फाटलेला कागदी लेबलचा तुकडा, अक्षर वाचता येत नाही. खाली, "भाऊजी, हे तुमच्या कामाचं आहे का?"

मी ताडकन उठून बसलो. फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, पार गंजाचे ठिपके दिसेपर्यंत. बायको म्हणाली काय झालं, कोण गेलं? मी थरथरत्या बोटांनी टाइप केलं, एकदम उघडू नका, उन्हात ठेवू नका, आधी वास कसा येतोय बघा, झाकणाच्या आतल्या बाजूला काही लिहिलंय का, नंबर वगैरे. दोन निळ्या खुणा आल्या. टायपिंग. थांबलं. परत टायपिंग.

"बटणं आहेत आत. छान आहेत, जुनी. घेऊ का?"

मी लिहिलं, घ्या. डब्यासकट.